धोंडू परब मलेशियाला गेलेच नव्हते

१

धोंडू परब तीन नोव्हेंबरला लेकीकडे सिंगापूरला गेले आणि सत्तावीसला परत आले. मधल्या दिवसांत ते सिंगापूर सोडून कुठेही गेले नाहीत. पासपोर्टवर दुसऱ्या कुठल्याच देशाचा शिक्का नव्हता. तरी त्यांच्या मोबाईलचं बिल आलं एकसष्ट हजार चारशे रुपये, आणि त्यातले जवळजवळ सगळे पैसे मलेशियात वापरलेल्या इंटरनेटचे होते.

हे मला जान्हवी सांगत होती, दारात उभी राहून, चप्पल न काढता. जान्हवी आमच्या मुलुंड पूर्वेला स्टेशनजवळ एका मोबाईलच्या दुकानात काउंटरवर असते. पस्तिशीची बाई, नवरा केव्हाच निघून गेलेला, घरात आई आणि सातवीतली मुलगी.

"रोकडेमॅडम, मी काकांना फक्त सिंगापूरचा पॅक टाकून दिला. फोनमधलं सिम एकदा काढून परत बसवलं. दहा मिनिटांचं काम. आता त्यांचा मुलगा, तो प्रीतमदादा, बोलतो मी डुप्लिकेट सिम काढून मलेशियात कुणाला तरी विकलं. शनिवारी संध्याकाळी पोलिसात जाणार. आणि शेठ बोलला, पोलीस दुकानात आले तर सोमवारपासून तू येऊ नको."

त्या दिवशी गुरुवार होता.

मी शकु रोकडे. टेलिफोन खात्यात सदतीस वर्षं काढली. निम्मी परदेशी ट्रंक कॉल जोडण्यात गेली, उरलेली बिलांच्या तक्रारी ऐकण्यात. निवृत्त झाल्यावर बिल्डिंगने मला परस्पर मोबाईलची डॉक्टर करून टाकलं. तळमजल्यावर एकटीच राहते, त्यामुळे सापडतेही लवकर. कुणाची का वाट लागलेली असेना, दाराची बेल वाजली की मला बरं वाटतं. हे काही चांगलं लक्षण नाही, पण खोटं कशाला सांगू?

"आत ये," मी म्हटलं. "चहा घे. आणि रडायचं असेल तर आत्ताच रडून घे, मला नंतर नीट उत्तरं हवीत."

ती रडली नाही. तिने पॅकची पावती पुढे केली. देश सिंगापूर, मुदत तीस दिवस, तारीख बरोबर, पैसे बरोबर. पावतीत मला एकही चूक सापडली नाही, आणि हीच काळजीची गोष्ट होती.

२

परबांचं घर तिसऱ्या मजल्यावर. धोंडू परब मूळचे मालवणकडचे, कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेले, गिरण्या बंद पडल्यावर मिळेल ते काम करून दोन मुलं शिकवलेले. आता चौऱ्याहत्तर वय. बायको शेवंती तीन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून एकटे. मी गेले तेव्हा मुलगा प्रीतम बोरिवलीहून आलेला होता. कुरिअरचा धंदा करतो. वडिलांचं कनेक्शन त्याच्या धंद्याच्या नावावर आहे, म्हणून बिल एवढं फुगेपर्यंत कंपनीने ते रोखलं नाही.

"मॅडम, ती बाई तुमच्याकडे आली असेल ना रडत?" प्रीतमने सुरुवातच अशी केली.

"आली होती, रडली नाही. फोन दाखवा."

फोनमध्ये न उघडलेले तीनशे बारा संदेश होते. धोंडूदादांना इंग्रजी वाचता येत नाही, आणि मराठीत त्यांना कोण लिहितंय! मी नोव्हेंबरचे संदेश काढले. चार तारखेपासून सव्वीसपर्यंत, तीन दिवस वगळता रोज, कंपनीचा एक संदेश होता. मलेशियात आपलं स्वागत आहे. असे एकूण वीस. वेळ रोज साधारण तीच, संध्याकाळी पावणेसात ते सात. आणि दीडेक तासाने दुसरा संदेश, सिंगापूरमध्ये आपलं स्वागत आहे.

"प्रीतम, हे बघा," मी म्हटलं. "स्वागताचा संदेश सिम जिथे असेल तिथे येतो. हे या फोनवर आलेत. म्हणजे दुसरं सिमबिम काही नाही. हाच फोन रोज मलेशियाच्या नेटवर्कवर जात होता आणि परत येत होता."

"आणि बाबा? ते उडत जात होते?"

त्याने लगेच बहिणीला फोन लावून स्पीकरवर ठेवला आणि पावणेसातचं विचारलं. श्रुतिका तिथे एका बँकेत आहे. बोलणं भरभर, पण सरळ वाटली.

"पावणेसात म्हणजे आमची जेवायची वेळ. बाबा माझ्या समोर बसलेले असायचे, फोन टीव्हीपाशी. रोज. मी स्वतः बघितलंय ना! नऊला शतपावली करायला खाली जायचे, साडेदहा-पावणेअकराला वर यायचे, की झोप. एकटे बाहेर जायचे ते एवढंच."

"एखाद दिवस मलेशियाला फिरायला?" मी विचारलं.

"नाही हो. आम्हा दोघांना सुट्टीच नव्हती. त्यांना धड कुठे नेताही आलं नाही." तिचा आवाज खाली गेला. "आणि बाबा म्हणतात त्यांनी बाहेर नेट लावलंच नाही. हो ना बाबा?"

"नाय लावला," धोंडूदादा म्हणाले. ते टेबलावरच्या प्लॅस्टिकचा उचकटलेला कोपरा नखाने सारखा करत होते. मी आल्यापासून त्यांनी एकदाही वर पाहिलं नव्हतं.

"ऐकलंत?" प्रीतम म्हणाला. "बाबा जेवतायत, फोन टीव्हीपाशी, आणि नेट मलेशियात वापरलं जातंय. आमच्या दुसऱ्या मजल्यावरचा चंद्रप्रकाश त्याच महिन्यात मलेशियाला होता. सिम तो जान्हवीकडूनच घेतो. आता बोला."

३

चंद्रप्रकाश परदेशी सहली काढतो. नोव्हेंबरात तीसेक माणसं घेऊन तो खरंच मलेशियाला गेला होता. मी विचारायच्या आत त्याने मला कॉफीची दोन पाकिटं आणि एक फ्रिजवर लावायचा हत्ती दिला.

"शकुताई, मी चोर वाटतो का तुम्हाला?"

"हत्ती दिलास तेव्हा जरा वाटलास. तारखा सांग."

नऊला गेला, चौदाला परत. तिकिटंच दाखवली. बिलात मात्र मलेशिया चार तारखेला सुरू होऊन सव्वीसपर्यंत होता. चंद्रप्रकाश मुलुंडला येऊन नाक्यावर वडापाव खात होता तेव्हाही धोंडूदादांचा फोन पलीकडे जाऊन येतच होता. त्याचं नाव मी खोडलं. हत्ती ठेवून घेतला.

"एक मात्र झालं," तो दाराशी येऊन म्हणाला. "दादांना सहार विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो. परदेशात नेट चालायला रोमिंगचं बटण चालू लागतं, ते मी करून दिलं. तर मला विचारतात, तिथून आपलं घर दिसेल ना रे? मी म्हटलं, दादा, विमानातून मुलुंड कशाला दिसतंय!"

"मग?"

"मग काय! जाताना असं केविलवाणं तोंड केलं यार, मलाच कसंतरी झालं."

४

शुक्रवारी सकाळी मी कागद घेऊन बसले. तक्रारींच्या टेबलावर मला एक सवय लागली होती. माणूस काय सांगतो ते नंतर, आधी घड्याळ कुणाचं ते बघायचं. लंडनचे नऊ वेगळे, दुबईचे नऊ वेगळे. अर्ध्या तक्रारी तिथेच मिटायच्या. आणि इथे मी स्वतःच ते विसरले होते. हल्ली मला विसरायला होतं, आणि विसरले हे सांगायला घरात कोणी नसतं.

वीस स्वागतांच्या आधी एक पहिलं स्वागत होतं. तीन नोव्हेंबर, सिंगापूर, दुपारी तीन अडतीस. मी वर जाऊन धोंडूदादांचं विमानाचं तिकीट मागितलं. ते त्यांनी पासपोर्टात घडी घालून जपून ठेवलं होतं. विमान उतरायची वेळ संध्याकाळी सहा.

तर मग उतरायच्या अडीच तास आधीच सिंगापूरने यांचं स्वागत कसं केलं?

फोन आता मुलुंडला आहे. तो जुन्या संदेशांच्या वेळाही इथल्या घड्याळाने दाखवतो. सिंगापूर आपल्यापुढे अडीच तास. तीन अडतीस म्हणजे तिथले सहा वाजून आठ मिनिटं, विमान नुकतंच टेकलेलं. मग पावणेसात म्हणजे तिथले सव्वानऊ. श्रुतिकाने शपथेवर सांगितलेली जेवायची वेळ कामाचीच नव्हती. काम होतं शतपावलीचं. आणि शंभर पावलांना दीड तास कुणालाच लागत नाही.

"शतपावलीला कुठे जात होता?" मी विचारलं.

"खाली. पाण्याकडे एक बाक आसा."

"समोर काय दिसायचं?"

"पाणी. पाण्यापलीकडे दिवे. पुष्कळ दिवे."

"दादा, ते दिवे मलेशियाचे."

त्यांनी पहिल्यांदा वर पाहिलं. मी समजावून सांगितलं. श्रुतिकाचं घर सिंगापूरच्या उत्तर टोकाला, पत्ता मी नकाशावर बघून आले होते. मधली खाडी काही फार रुंद नाही, पलीकडे दुसरा देश. फोनला देशाबिशाचं काही नसतं, ज्या टॉवरचा जोर जास्त त्याला तो चिकटतो. पाण्याकाठी बसलं की पलीकडचा टॉवर त्याला ओढून घेतो, घरी आलं की तो परत येतो. पॅक फक्त सिंगापूरचा. पलीकडच्या टॉवरचं मीटर वेगळं पडलं, आणि सांगणारे सगळे संदेश इंग्रजीत.

"फोनला स्वतः नेटवर्क शोधू द्यायचं नाही, सेटिंगमध्ये जाऊन सिंगापूरच्याच कंपनीला बांधून ठेवायचं, एवढं कुणी सांगितलं असतं तरी भागलं असतं. जान्हवीला ते घर कुठे आहे हे ठाऊक असायचं कारण नाही."

"माका तरी काय ठाऊक होता गो," ते पुटपुटले.

"नसेलच. पण टॉवर नुसता चिकटून पैसे लागत नाहीत. रोज दीड तास काहीतरी चालू होतं. काय बघत होता?"

"काय नाय. बसायचो."

"नेट लावलं नाही?"

"नाय म्हटलं ना!" ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून ठेवला.

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस खोटं बोलत होता आणि ते त्याला जमतही नव्हतं. पण प्रीतम बापाच्या शब्दावर पोलिसात चालला होता. बापाने नेट वापरलंच नाही, तर दुसऱ्या कुणीतरी वापरलं, असंच तो म्हणणार. मला पुरावा हवा होता.

खाली येऊन मी पुन्हा बिल काढलं. रोजचा वापर जवळजवळ सारखा. फक्त चौदा, पंधरा आणि सोळा नोव्हेंबरला शून्य. या तीन दिवसांत काय झालं होतं? मी भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागचं पान उलटलं आणि त्याच तीन चौकोनांवर माझ्याच हाताने मारलेल्या फुल्या दिसल्या. ते तीन दिवस मी माझी भांडी स्वतः घासली होती, कारण सुंदराबाई रजेवर होती.

सुंदराबाई परबांकडेही काम करते. ते सिंगापूरला असताना घराची किल्ली तिच्याकडेच होती.

५

शनिवारी सकाळी ती आली. मी तिला भांड्यांना हात लावू दिला नाही, स्टुलावर बसवलं. बाई साठीची, सोलापूरकडची, बोलते मोठ्याने. त्या दिवशी आवाजच फुटेना.

"चौदा, पंधरा, सोळाला तू कुठे होतीस?"

"भाचीचं लगीन नव्हं का ताई, बार्शीला. सांगून गेल्ते की."

"आणि बाकीचे दिवस परबांकडे काय करत होतीस?"

"झाडझूड." ती थांबली. "मी काय नाय घेतलं ताई. देवाशपथ. संध्याकाळी जायची, दिवा लावायची न् कुलूप घालून निघायची."

"कसला दिवा?"

"शेवंतीवैनी रोज लावायच्या त्योच. देव्हाऱ्यात. त्या गेल्यावर दादा लावत्यात. सिंगापूरला जाताना मला बोलले, सुंदरा, तिन्हीसांजेला घरात काळोख नको, साडेसहा-पावणेसातला येऊन दिवा लाव. तेल मोजून घाल, दीड तास चालंल एवढंच. मी बोलले, बंद घरात जळता दिवा सोडून जाऊ व्हय? तर बोलले, तू जा, मी बघतो. आता सिंगापूरहून ते काय बघणार, सांगा! मला वाटलं असंच बोलले."

मी तिला पाणी दिलं. तिला राहवेना.

"आन् तो क्यामेरा! प्रीतमदादांनी लावलेला नव्हं का, देव्हाऱ्यासमोर कोपऱ्यात. मी दिवा लावला की तो मान वळवायचा. रोज. घुंई करत माझ्याकडं बघायचा. मला वाटायचं प्रीतमदादा नजर ठिवत्यात, सुंदरा काय उचलती का म्हणून. मी तर खाली मुंडी घालून पळत सुटायची."

वर्षानुवर्षं त्या घरात राबलेली बाई, आणि वीस संध्याकाळी ती चोरासारखी मान खाली घालून निघत होती. मला फार वाईट वाटलं. कॅमेऱ्यामागे कोण होतं हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने पदर तोंडाला लावला.

"दादाच बघत होते? अगं बया. मग मी जरा हसले तरी असते."

६

दुपारी मी पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेले. या वेळी प्रश्न विचारला नाही, सांगितलंच. पाण्याकाठचा बाक, सव्वानऊ, त्यांच्या मोबाईलमधून दिसणारा घरातला कॅमेरा, दिवा, दीड तासाचं तेल.

ते देव्हाऱ्याकडे वळले. शेजारी शेवंतीवहिनींचा फोटो होता, गिरणीच्या कुठल्यातरी समारंभातला, जरा रागावलेला.

"ती होती तेव्हा मी कधी बघलंय नाय दिव्याकडे," ते म्हणाले. "सेकंड शिफ्ट असायची. नंतर वॉचमनकी, ती पण संध्याकाळची. ती चाळीस वर्षां लावत होती न् मी एक दिवस बघूक नाय. आता विझेपर्यंत बघतो. दुसरा काम काय आसा माका?"

"मग घरात बसून बघायचं. श्रुतिकाकडे वायफाय आहे ना?"

"नऊ वाजता बंद. नातवंडा मोबाईल घेऊन बसतात म्हणून जावयाने तसा करून ठेवलाय. नऊला बंद म्हणजे बंद."

"दीड-दोन तास जास्त ठेवा म्हणायचं."

"जावयाला?" त्यांना माझी कीव आली असावी. "रोकडेबाई, माझे वडील माझ्या बहिणीच्या घरी गेले तर तिथला पाणी पीत नसत. लेकीच्या घरचा घ्यायचा नाय म्हणजे नाय. मी चोवीस दिवस तिथे जेवलो, ताच मनाला लागत होता. वर आणखी सांगू, माझ्यासाठी तुमचा इंटरनेट चालू ठेवा? कशाला, तर दिवा बघायचाय? पॅकचे पैसे मी भरलेले, म्हटलं तोच वापरूया. कुणाचा मिंधेपणा नको."

मला हसावं की त्यांच्या पाठीत धपाटा घालावा कळेना. एक वाक्य न बोलण्याची किंमत एकसष्ट हजार! पण पोटच्या पोरीच्या घरात जो माणूस एवढं अंग चोरून राहिला त्याच्यावर रागावणार तरी किती?

"हे प्रीतमला का नाही सांगितलंत?"

"श्रुतिकाला वाईट वाटेल. आणि प्रीतम कॅमेरा काढून टाकील. म्हणेल, या म्हाताऱ्याने वाट लावली."

"काढू दे! आता तुम्ही घरीच आहात, दिवा समोर आहे."

"नको," ते एकदम म्हणाले. "कॅमेरा नको काढायला."

का, ते सांगेनात. मीही मग आवाज चढवला. "दादा, जान्हवीची नोकरी चाललीय. तिच्यावर दोन जीव आहेत. तिने तुमचं काय वाकडं केलं?"

"मी प्रीतमला बोललो, मी पैसे भरतो, सोड. तो ऐकूक नाय."

"पैसे भरून तिच्या नावावरचा डाग जातो का? पाच वाजता प्रीतम येतोय. मी घड्याळाचं सांगेन, टॉवरचं सांगेन. दिव्याचं सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं, नाहीतर ती चोर ठरेल."

७

पाच वाजता प्रीतम तक्रारीचा अर्ज टाईप करून घेऊनच आला. जान्हवी दुकानातून तशीच आली होती, गळ्यात ओळखपत्र. श्रुतिका व्हिडिओवर. मी तिकीट काढलं, संदेश दाखवले, अडीच तासांचा हिशेब केला, नकाशावर खाडी दाखवली.

प्रीतमने सगळं ऐकलं. बिचारा मूर्ख नाही, फक्त घाईत असतो.

"ठीक आहे मॅडम. फोन पलीकडच्या टॉवरवर जात होता, मानलं. पण नेट वापरलं कुणी? बाबा म्हणतात त्यांनी वापरलंच नाही. माझे बाबा खोटं बोलतील का?"

सगळे धोंडूदादांकडे बघायला लागले. जान्हवीने ओळखपत्राची दोरी मुठीत घट्ट धरली होती. कोपऱ्यातला पंखा कुरकुरत होता. मी ओठ मिटून बसले. जगात मला सगळ्यात कठीण काही जात असेल तर ते हेच.

"मीच वापरला," धोंडूदादा म्हणाले. "रोज. मी खोटा बोललो."

मग त्यांनी सांगितलं, थांबत थांबत, शेवंतीवहिनींच्या फोटोकडे बघत. वायफायपाशी आले तेव्हा शब्द गिळायला लागले. श्रुतिकाच्या लक्षात यायचं ते आलंच.

"बाबा, नुसतं सांगायचं होतं मला!" ती रडत होती. "मी रोज नऊला दार लावून घ्यायचे, तुम्हाला आमच्या आवाजाचा त्रास नको म्हणून. आणि तुम्ही खाली बाकावर?"

"तुझा काय चुकला नाय गो. घर तुझा आसा."

"माझं आहे ना? मग?"

धोंडूदादा परत प्लॅस्टिकचा कोपरा नखाने सारखा करायला लागले.

प्रीतमने खिशातून फोन काढला. कॅमेऱ्यात कुणी केव्हा बघितलं त्याची यादी असते, ती बघतो म्हणाला. मी त्याच्या शेजारीच बसले होते. त्याने एक पान सरकवलं, दुसरं सरकवलं, मग कॅमेऱ्याचं नाव टाईप करून शोधलं. ते ॲप त्याच्या फोनमध्ये नव्हतंच. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि फोन खिशात टाकला.

"राहू दे," तो म्हणाला. "बाबा सांगतायत तेच खरं." आणि अर्ज फाडायला घेतला.

"दादा, थांबा," जान्हवी म्हणाली. इतका वेळ ती एक अक्षर बोलली नव्हती. "इथं फाडून काय फायदा? मला चोर तुम्ही दुकानात बोललात, चार गिऱ्हाइकांसमोर. आता दुकानात चला. शेठसमोर, तितक्याच मोठ्याने बोला, चूक झाली. मग फाडा."

प्रीतमचे कान लाल झाले. पण उठला तो, आणि तिच्यामागोमाग जिना उतरला. साडेसहाला जान्हवीचा फोन आला. शेठने तिला सोमवारी नेहमीच्या वेळेला यायला सांगितलं होतं, आणि प्रीतम इतक्या मोठ्याने बोलला होता की शेजारचा चष्मेवालाही बघायला बाहेर आला.

८

मी अजून परबांकडेच होते. खाली जाऊन करणार काय? धोंडूदादांनी दिवा लावला. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. मला ते बरं वाटत होतं, आणि थोड्या वेळाने उठावं लागणार म्हणून वाईटही.

दिवा विझत आला तसे ते आत गेले आणि अंगात इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. टेबलावर ताट मांडलं. भात, आमटी, कालची भाजी.

"कुठे बाहेर निघालात का?" मी विचारलं.

"नाय. जेवतो." ते बटणं लावत होते. "प्रीतमने कॅमेरा लावला तेव्हा बोलला, बाबा, रोज साडेआठला जेवताना तुम्हाला बघत जाईन. त्याला येऊक जमत नाय, फोन कराक पण जमत नाय, धंदा आसा. पण बघता. दोन वर्षां झाली. मग बनियनवर बसणा बरा दिसत नाय ना? तो म्हणेल, म्हातारा आता स्वतःकडे लक्ष देत नाय." त्यांनी खुर्ची कॅमेऱ्याकडे तोंड करून सरकवली. "म्हणून तुमका बोललो, कॅमेरा नको काढायला. नाय काढणार ना तो?"

"नाही काढणार."

"बघता तो. मी हात पण करतो कधीकधी."

मला जे माहीत होतं ते अगदी जिभेवर आलं. सदतीस वर्षं लोकांची बोलणी ऐकून गप्प बसले, पण इतकं कठीण कधी गेलं नव्हतं.

"बघतोच की," मी म्हटलं. "न बघून कसं चालेल?"

मी खाली आले. दार लावलं, दिवासुद्धा न लावता प्रीतमचा नंबर फिरवला. तो बोरिवलीच्या वाटेवर असावा, मागे हॉर्न वाजत होते.

"मॅडम, झालं ना सगळं? बोललो मी दुकानात."

"झालं. तुमचे बाबा साडेआठला जेवायला बसतात," मी म्हटलं. "रोज इस्त्रीचा शर्ट घालून. दोन वर्षं."

हॉर्न वाजत राहिले.

"तो कॅमेऱ्याचा पासवर्ड," प्रीतम म्हणाला, "मी विसरलोय मॅडम. पहिल्या आठवड्यातच विसरलो."

"आत्ता आठ वाजून वीस मिनिटं झालीत," मी म्हटलं. "गाडी बाजूला घ्या आणि नवा काढा."